आपलं कोण? धर्म, मूल्यं आणि विद्यापीठातली तरुण मुलं

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरी ही प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाची जुनी संस्था आहे. तिथे शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्याचा शोधनिबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना आधी प्रश्नावल्या दिल्या होत्या. धर्म तुमच्यासाठी काय आहे, आधार आहे, ध्येय आहे की शोध आहे, अशा धाटणीच्या. मग एकेकाला बोलावून सांगितलं, की पलीकडच्या इमारतीत जाऊन तीन-पाच मिनिटांचं भाषण रेकॉर्ड करायचं आहे. काहींना विषय दिला सेमिनरीतून बाहेर पडल्यावर मिळणाऱ्या नोकऱ्यांचा. बाकीच्यांना दिली बायबलमधली दयाळू शोमरोन्याची गोष्ट.

ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात येते. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका माणसाला चोर मारहाण करून अर्धमेला टाकून जातात. त्याच वाटेने एक याजक येतो, त्याला बघतो आणि बाजूने निघून जातो. देवळात सेवा करणारा एक लेवीही तसंच करतो. शेवटी थांबतो तो शोमरोनी, म्हणजे त्या काळचे यहुदी ज्याला परका आणि भ्रष्ट मानत त्या समाजाचा माणूस. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला धर्मशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसे देतो.

दोन इमारतींच्या मधल्या बोळात संशोधकांनी एक माणूस बसवून ठेवला होता. दारात मुटकुळं करून, मान खाली, डोळे मिटलेले. विद्यार्थी जवळून जाऊ लागला, की तो दोनदा खोकायचा आणि कण्हायचा. निघताना काही मुलांना सांगितलं होतं, की तुम्हाला उशीर झालाय, ते वाट बघताहेत. काहींना सांगितलं, की ते तयार आहेत, आता निघा. काहींना म्हटलं, की अजून थोडा वेळ आहे, पण जाऊन थांबलात तरी चालेल. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मुलांनी काही ना काही मदत केली. मधल्या गटात हे प्रमाण ४५ टक्के होतं आणि घाईत असलेल्यांमध्ये फक्त १० टक्के. शोमरोन्याच्या गोष्टीवर बोलायला निघालेली काही मुलं त्या माणसाला अक्षरशः ओलांडून पुढे गेली, अशी नोंद निबंधात आहे. भाषणाचा विषय कोणता, याने संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक पडला नाही. धर्माकडे बघण्याच्या दृष्टीवरूनही कोण थांबेल याचा अंदाज बांधता आला नाही. (अँथनी ग्रीनवाल्ड यांनी १९७५ मध्ये हेच आकडे पुन्हा तपासून सांगितलं, की चाळीस ही संख्या फार लहान आहे आणि गोष्टीचा परिणाम होतच नाही असं यावरून ठामपणे म्हणता येणार नाही. ते बरोबर आहे. घाईचा परिणाम मात्र त्यानंतरही उभाच राहतो.)

हा प्रयोग बहुतेक वेळा धार्मिक माणसांचं ढोंग उघडं पाडणारा म्हणून सांगितला जातो. मला ते अन्यायाचं वाटतं. ती मुलं ढोंगी नव्हती. ज्यांना आपण वाट बघायला लावलं होतं त्यांच्याबद्दलची जबाबदारी आणि समोर कण्हणाऱ्या अनोळखी माणसाबद्दलची जबाबदारी, या दोन्हींच्या कचाट्यात ती सापडली होती. त्यातली वाट बघणाऱ्या लोकांची जबाबदारी वरचढ ठरली. धर्माची ओळख आणि माणसाची मूल्यं यांच्या नात्यावर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जे संशोधन झालं, त्याचा गाभा मला याच ठिकाणी दिसतो. मूल्य म्हणून दया सगळेच मानतात. ती कोणापर्यंत पोचते, आपलं कोण आणि परकं कोण, ही रेघ कुठे मारली जाते, यावर सगळं ठरतं.

या संशोधनातलं बरंचसं काम विद्यापीठातल्या मुलांवर झालेलं आहे. संशोधक प्राध्यापक असतात आणि मुलं हाताशी मिळतात, हे त्याचं साधं कारण. पण वयाचंही कारण आहे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा घरापासून लांब राहायला येते. आईने लावलेला दिवा, वडिलांबरोबरची नमाज, रविवारची मिस्सा या गोष्टी आता कोणी आठवण करून न देता करायच्या असतात, किंवा सोडायच्या असतात. घरून आलेल्या श्रद्धेला पहिल्यांदाच निवड म्हणून सामोरं जावं लागतं.

मूल्यं मोजायची कशी, या प्रश्नावर सर्वांत जास्त वापरली जाणारी चौकट शालोम श्वार्ट्झ या इस्रायली मानसशास्त्रज्ञाची आहे. त्यांनी १९९२ मध्ये वीस देशांतल्या शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून दहा मूल्यगट मांडले: स्वतःचं स्वतः ठरवणं, नावीन्याची ओढ, सुखोपभोग, कर्तृत्व, सत्ता, सुरक्षितता, रीत पाळणं, परंपरा, आपल्या माणसांचं भलं आणि सर्वांचं भलं. हे गट त्यांनी एका वर्तुळात बसवले. शेजारचे गट एकमेकांना पूरक असतात, समोरासमोरचे एकमेकांना ओढून धरतात. परंपरेला फार वरचं स्थान देणारा माणूस नावीन्याला सहसा खालचं देतो. पुढे त्यांनी केलेल्या एका प्रश्नावलीत मूल्यांचं नावही घेतलेलं नाही. एखाद्या माणसाचं दोन वाक्यांत वर्णन असतं, म्हणजे याला नवं काही सुचवायला आवडतं, किंवा याला थोरांनी घालून दिलेली वाट महत्त्वाची वाटते, आणि विचारलेलं असतं, की हा माणूस तुमच्यासारखा कितपत आहे. यात एक शहाणपण आहे. ‘तुम्ही प्रामाणिक आहात का’ असं सरळ विचारलं तर कोण नाही म्हणेल?

या यादीतले शेवटचे दोन गट नीट पाहायला हवेत. आपल्या माणसांचं भलं म्हणजे ज्यांच्याशी रोजचा संबंध आहे त्यांची काळजी, मैत्रीतली निष्ठा, माफ करणं, उपयोगी पडणं. सर्वांचं भलं म्हणजे न ओळखणाऱ्यांनाही न्याय, समता, वेगळ्या विचाराच्या माणसाला समजून घेणं, निसर्गाची राखण. श्वार्ट्झच्या वर्तुळात हे गट शेजारी आहेत, तरी एक नाहीत.

श्वार्ट्झ आणि सिप्के हाउस्मान्स यांनी १९९५ मध्ये इस्रायलमधले यहुदी, नेदरलँड्समधले प्रॉटेस्टंट, स्पेनमधले कॅथलिक आणि ग्रीसमधले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती यांची तुलना केली. देव वेगळे नसले तरी धर्मशास्त्रं बरीच वेगळी. निष्कर्षांची ठेवण मात्र चारही ठिकाणी मिळतीजुळती निघाली. जो जितका जास्त धार्मिक, तो परंपरेला आणि रीत पाळण्याला तितकं जास्त महत्त्व देतो; सुखोपभोग, नावीन्य आणि स्वतःचं स्वतः ठरवणं यांना कमी. वासिलिस सारोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १५ देशांतल्या २१ नमुन्यांचे, म्हणजे साडेआठ हजारांवर माणसांचे निष्कर्ष एकत्र केले. तेव्हाही चित्र तेच राहिलं. धार्मिक माणसं आपल्या माणसांच्या भल्याला थोडं अधिक महत्त्व देतात, पण सर्वांच्या भल्याबाबत तशी वाढ दिसत नाही. धर्म माणसाला जवळच्यांसाठी हळवं करतो, दूरच्यांसाठी आपोआप करत नाही. या आकड्यांवरून मी एवढं तरी म्हणेन.

पण हे सरासरीचं बोलणं झालं, आणि सरासरीच्या पोटात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. हार्वर्डचे गॉर्डन ऑलपोर्ट यांना हे आधीच खटकलं होतं. अमेरिकेत चर्चला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा वंशद्वेषात पुढे दिसत होते. पण नीट पाहिलं तर अधूनमधून जाणारेच जास्त पूर्वग्रही होते. फार नियमाने जाणारे आणि अजिबात न जाणारे, दोघेही त्यांच्यापेक्षा कमी. ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी १९६७ मध्ये याची उकल दिली. काही माणसं धर्म वापरतात: ओळखीपाळखी, प्रतिष्ठा, दिलासा, आपल्या गटाची ऊब यांसाठी. काही माणसं धर्म जगतात आणि बाकीच्या गरजा त्याच्या मापाने कापून घेतात. पहिल्यांमध्ये पूर्वग्रह जास्त सापडला, दुसऱ्यांमध्ये कमी. सर्वांत जास्त पूर्वग्रह तिसऱ्याच गटात निघाला. हे लोक धर्माबद्दलच्या कुठल्याही चांगल्या विधानाला ‘हो’ म्हणत, मग ती विधानं एकमेकांना छेद देणारी का असेनात. हा तपशील माझ्या मनात घर करून बसला आहे, कारण अशी मुलं आपल्या प्रत्येक कॉलेजात आहेत. श्रद्धेचा विचार त्यांनी फारसा केलेला नसतो, पण तिच्या बाजूने भांडायला ती सर्वांत आधी उठतात.

बॅटसन यांनी पुढे यात ‘शोध’ नावाची आणखी एक बाजू जोडली. शंका घेणं हाच ज्यांच्या श्रद्धेचा भाग आहे, ज्यांना उत्तरं कच्ची ठेवायची भीती वाटत नाही, अशी माणसं. बॅटसन यांचं म्हणणं होतं, की धर्म ‘जगणाऱ्यां’च्या कमी पूर्वग्रहात लोकांसमोर चांगलं दिसण्याचाही वाटा असतो, खरं सैलपण शोधणाऱ्यांत दिसतं. यावर अजूनही वाद चालू आहेत.

ही सगळी पाहणी आपल्याकडे तशीच्या तशी उचलून आणली तर पहिल्याच प्रश्नाला अडखळते. तिकडच्या प्रश्नावलीत धार्मिकता मोजायचा सोपा मार्ग म्हणजे आठवड्यातून किती वेळा चर्चला जाता. आपल्या हॉस्टेलमधला मुलगा देवळात महिनोन्‌महिने जात नाही, पण आषाढी एकादशीला मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी आहे का ते आधी विचारून येतो. ‘मी देव मानत नाही’ म्हणणारी मुलगी गणपतीला गावी जायला रजा काढते, आणि यात तिला विसंगती वाटत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणबत्ती लावणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेली माणसं भरपूर असतात, दर्ग्यावर नवस फेडणाऱ्यांत हिंदू असतात. इथे धर्म म्हणजे काय मानतो यापेक्षा काय करतो आणि कोणाबरोबर करतो हे जास्त असतं. त्यामुळे धर्माची ओळख मोजायची तर श्रद्धा किती हे विचारून भागत नाही. ताटाला ताट कोणाच्या लागतं, खोली कोणाबरोबर वाटून घेतली जाते, लग्नाच्या बोलण्यात घरातून कोणती नावं आधीच वगळली जातात, हे विचारावं लागतं.

प्यू रिसर्च सेंटरने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली भारतातल्या धर्मांबद्दलची मोठी पाहणी इथे उपयोगी पडते. ती विद्यार्थ्यांची नव्हे, सर्व प्रौढांची आहे. जवळपास तीस हजार लोकांशी सतरा भाषांत बोलून केलेली. ८४ टक्के लोकांनी सांगितलं, की खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं आहे. ८० टक्क्यांनी सांगितलं, की दुसऱ्या धर्मांचा आदर हा आपल्या स्वतःच्या धर्माचाच फार महत्त्वाचा भाग आहे. त्याच पाहणीत ८६ टक्के हिंदूंचे सगळे किंवा बहुतेक जवळचे मित्र हिंदू होते, आणि मुसलमानांचं आपल्या धर्मातल्या मित्रांबाबतचं उत्तर जवळपास तेवढंच होतं. आपल्या धर्मातल्या बायकांनी धर्माबाहेर लग्न करू नये म्हणून त्यांना रोखणं फार महत्त्वाचं आहे, असं ६७ टक्के हिंदूंनी आणि ८० टक्के मुसलमानांनी म्हटलं. आदर आहे आणि अंतरही आहे. लोक खोटं बोलत आहेत असं मी म्हणणार नाही. आदर ही त्यांची मनापासूनची भावना आहे. ती उंबऱ्याच्या बाहेरच्या माणसासाठी आहे आणि उंबरा जागचा हलत नाही.

उंबरा हलवायचा प्रयत्न आपल्याकडच्या शिकलेल्या तरुणांनी पूर्वी केलेला आहे. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. नव्या इंग्रजी शाळा-कॉलेजांतून तयार झालेली ही मुलं. सभेत यायचं तर ख्रिस्त्याने भाजलेला पाव सभासदांसमोर खायचा, अशी रीत होती. आज त्या एका घासाचं वजन कळणं अवघड आहे. तो घास म्हणजे जातीबाहेर पडणं होतं, घरात पाणी बंद होणं होतं, बहिणीचं लग्न अडणं होतं. म्हणून सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. समता हे मूल्य त्या मुलांनी मनाने स्वीकारलेलं होतं. ते उघडपणे पेलण्याची किंमत फार मोठी होती. १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला तो उघडपणे, पण जात मोडण्याची अट न घालता. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे मुंबई विद्यापीठाचे सुरुवातीचे पदवीधर त्यात आले.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या निष्कर्षाकडे येतो. सोनिया रोकास आणि श्वार्ट्झ यांनी १९९७ मध्ये सहा देशांतल्या कॅथलिकांची पाहणी केली. काही देश पश्चिम युरोपातले होते, जिथे चर्च आणि सरकार यांचं बरं जमत होतं. काही पूर्व युरोपातले, जिथे कम्युनिस्ट राजवटीने चर्चला दाबून ठेवलं होतं. धर्म एकच, पोप एकच, प्रार्थना एकच. पण जिथे चर्च सत्तेच्या विरोधात उभं होतं, तिथे धार्मिक असणं आणि रीत पाळणं यांची सांगड सैल झाली होती. सत्तेची हाव अधिक ठळकपणे नाकारली जात होती आणि सर्वांच्या भल्याशी असलेलं वाकडं कमी झालं होतं. धर्म कोणत्या मूल्यांकडे ओढतो हे धर्मग्रंथावरून जितकं ठरतं, तितकंच तो समाजात कुठल्या जागी उभा आहे यावरूनही ठरतं.

हे वाचताना मराठी माणसाला औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये ते सुरू केलं. तेव्हाच्या मराठवाड्यात दलित घरातल्या मुलाने कॉलेजात जाणं ही कल्पनाही दुर्मीळ होती. नाव दिलं ते मिलिंद या ग्रीक राजाचं, भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणाऱ्या आणि वादात हरल्यावर ते मान्य करणाऱ्या राजाचं. परिसराला नाव दिलं नागसेनवन. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धर्म स्वीकारला आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात जुन्या देवांना नकार आहे आणि सर्व माणसं समान आहेत असं मानण्याची, समतेसाठी झटण्याची शपथ आहे. नागसेनवनात पुढे शिकलेल्या मुलांसाठी धर्माची ओळख आणि समतेचं मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. एक घेतलं की दुसरं आलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केलं ते याच वातावरणातून. श्वार्ट्झची प्रश्नावली तेव्हा जन्मलीही नव्हती. ती या मुलांना दिली असती, तर धार्मिक माणूस रीतीला चिकटतो आणि स्वतःचं ठरवणं टाळतो ही सरासरी इथे उलटी पडली असती, असं मला वाटतं.

म्हणून ‘हिंदू मुलं अशी’, ‘मुस्लिम मुलं तशी’ अशा वाक्यांना संशोधनाचा आधार नाही. एकाच धर्मातल्या दोन मुलांत जेवढी तफावत असते, तेवढी बऱ्याचदा दोन धर्मांच्या सरासरीत नसते. शिवाय कारण काय आणि परिणाम काय, हेही उघड नाही. परंपरा आवडणारं मूल धर्माकडे वळतं की धर्मात वाढलेलं मूल परंपरा आवडून घेतं? एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीला याचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी त्याच मुलांकडे काही वर्षांनी पुन्हा जावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी तसं केलं. २००४ मध्ये पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी १३६ कॉलेजांमधल्या १४,५२७ जणांना २००७ मध्ये पुन्हा विचारलं. प्रार्थनास्थळात जाणं या तीन वर्षांत कमी झालं होतं. पण जगण्याचा अर्थ काय, मी कोणाच्या उपयोगी पडू, हे प्रश्न वाढले होते, आणि आपल्यापेक्षा वेगळ्या लोकांबद्दलची आस्थाही. परदेशात शिकायला जाणं, समाजसेवा, वेगळ्या वंशाच्या मुलांशी बोलणं अशा अनुभवांचा त्यात हात होता.

वेगळ्या माणसांच्या सहवासाने रेघ सरकते, ही आशा ऑलपोर्ट यांनीच १९५४ मध्ये मांडली होती. त्यांची अट होती, की दोन्ही बाजू बरोबरीच्या असाव्यात आणि काम एकत्र करायचं असावं. तिची अगदी कडक परीक्षा सलमा मूसा यांनी उत्तर इराकमध्ये घेतली. इस्लामिक स्टेटच्या हल्ल्यांत घरदार गमावलेल्या ख्रिस्ती तरुणांचे हौशी फुटबॉल संघ होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काही संघांत जास्तीचे खेळाडू मुसलमान दिले, काहींत ख्रिस्ती. निष्कर्ष २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. मिश्र संघात खेळलेले ख्रिस्ती पुढच्या हंगामातही मिश्र संघात नाव द्यायला तयार होते, खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी मुसलमान खेळाडूला मत देत होते, स्पर्धा संपून सहा महिने झाल्यावरही त्यांच्याबरोबर सराव करत होते. पण मुसलमानबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जाणं किंवा मिश्र समारंभाला हजर राहणं, यात ठाम फरक दिसला नाही. बरोबर खेळलेला माणूस आपला झाला. त्याच्या धर्माचे बाकीचे लोक झाले नाहीत.

मला या निष्कर्षाने निराश केलं नाही. सहवासाकडून किती अपेक्षा ठेवावी, हे त्याने नेमकं सांगितलं. आपल्या विद्यापीठांमध्ये सर्वधर्मसमभावावर निबंधस्पर्धा होतात, शपथा होतात, फलक लागतात. प्रिन्स्टनच्या मुलांनाही गोष्ट पाठ होती. त्याच विद्यापीठांच्या हॉस्टेलांत खोल्या वाटताना मात्र मुलं बहुधा आपापल्या गावचे, ओळखीचे, आडनावाने जुळणारे जोडीदार शोधतात आणि रेक्टर ते चालू देतात, कारण त्यात तक्रारी कमी येतात. पहिल्या वर्षी तरी खोल्या चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, आणि त्या मुलांना तीन वर्षांनी पुन्हा विचारावं, की आजारी पडलास तर रात्री कोणाला उठवतोस. मराठी मुलांच्या धर्माबद्दल आणि मूल्यांबद्दल त्यातून जे कळेल, ते दुसऱ्या कुठल्या प्रश्नावलीतून कळेल असं मला वाटत नाही. खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि हे करायला कुठल्याही कुलगुरूंना दिल्लीची परवानगी लागत नाही.